मायच्या काखेतली काळी खपली (स्क्रब टायफस, ताप अन् बाकीचं सगळं)

काळीमाती

राम राम मंडळी. लय दिवसांनी लिहून रायलो अन् धागा लांबणार हाय, तवा चहा घेऊनच बसा.

तर झालं असं का यंदा धुऱ्यावरचं गवत कमरेएवढं झालं अन् माय रोज दुपारून म्हशीसाठी गवत कापाले जाये. म्या म्हणलं नको जाऊ, साप-किरडू राह्यते, पण आयकन ते माय कायची. पोया होऊन पंधराक दिवस झाले असन, एका दिवशी दिवेलागणीले तिले हिव भरलं. दोन गोधड्या अन् वरून घोंगडं टाकलं तरी दात वाजे. सकाळी गावातल्या डॉक्टरनं 'व्हायरल हाय' म्हणून सलाईन लावली, त्यात ते पिवळं इंजेक्शन सोडलं, वरून अँटिबायोटिकचं एक अन् तापाच्या गोया. घाम फुटून ताप उतरे, चार-पाच घंट्यात पुन्हा चढे. असे पाच दिवस गेले. मलेरिया निल, डेंग्यू निल, टायफॉईडचा रिपोर्ट 'थोडासा पॉझिटिव्ह' म्हणे, आता थोडासा पॉझिटिव्ह म्हणजे काय ते देवालेच ठाऊक. साडेचार हजार गेले. सहाव्या दिवशी डोये लाल, डोस्कं ठणके, खोकला लागला अन् ते बरळाले लागली, मेलेल्या आजीसंग बोले. मंग म्या गाडी केली अन् तालुक्याले नेलं.

तिथं एक नवीन मॅडम होती, वय असन सत्तावीस-अठ्ठावीस. तिनं फाईल बाजूले ठेवली अन् पह्यला प्रश्न, "काकू, गवतात गेल्या होत्या का?" मंग नर्सले घेऊन पडदा ओढला अन् कानामागं, मानेवर, परकराची नाडी बांधते तिथं, सगळं पाहत आली. काखेत सापडलं. मले बोलावून दाखवलं. हरभऱ्याच्या दाण्याएवढी काळी खपली, भवताल लाल कडं, जसं कोणं बिडी टेकवली. दुखे नाई, खाजवे नाई, म्हणून मायले पत्ताच नोयता. माय म्हणे, "बाई, ते त काट्याचं हाय." मॅडम म्हणे हे काट्याचं नाई, गवतातला बारीक किडा चावून होते तो स्क्रब टायफस हाय, अन् रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सीसायक्लिन सुरू केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आंग थंड. तिसऱ्या दिवशी माय भाकर अन् आंबाडीची भाजी मागे. गोयांच्या पट्टीचे शंभर रुपये बी झाले नाई.

आता माहे प्रश्न. चावलं काखेत त मंग डोस्कं, डोये, छाती काहून बिघडली? पाच दिवस अँटिबायोटिकचं इंजेक्शन घेतलं त्यानं काहून फरक नाई अन् या स्वस्त गोईनं एका दिवसात काहून? अन् खपलीच्या बाजूले लिंबाएवढी गाठ आलती ते काय होतं? कोणाले माहीत असन त निवांत सांगा.

झाडीपट्टीची लेक

दादा, काकू बऱ्या आहेत वाचून जीव भांड्यात पडला जी. मी पूर्वेकडं आरोग्याचं काम करते, गावोगाव फिरते. २०१८ च्या पावसाळ्याच्या शेवटी नागपूर अन् आजूबाजूच्या जिल्ह्यांत या तापाची साथ आली, लोक दगावले, तेव्हा आम्ही हे नाव पहिल्यांदा ऐकलं. स्क्रब म्हणजे खुरटं झुडपी रान. आपल्या विदर्भात तर जमिनीच्या कागदावरच 'झुडपी जंगल' लिहून असते, मग हा रोग आपल्याकडं नाही येणार तर कुठं येणार!

एक सांगून ठेवते, खपली सगळ्यांना दिसतेच असं नाही. काखेत, जांघेत, छातीखाली घामानं ओलं राहते तिथं ती पुष्कळदा काळी नसते, नुसती चट्टा उठल्यासारखी दिसते. अन् आपल्या बाया डॉक्टरपुढं लाजतात, पुरुष डॉक्टर पाहत नाहीत. राहून जाते.

लॅबवाला

धागाकर्ते भाऊ, मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये आहे, सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलंय, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

चावतो तो माइट, कोळ्याच्या खानदानातला जीव, अन् तोही मोठा नाही, त्याचं पिल्लू. मोठ्याला आठ पाय, पिल्लाला सहा, आकार मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास म्हणजे डोळ्याला दिसणं मुश्कील. मोठा झाल्यावर तो मातीत बारीकसारीक किडे अन् त्यांची अंडी खाऊन जगतो, माणसाच्या वाट्याला जात नाही. आयुष्यात एकदाच, या पिल्लूपणी, त्याला दुसऱ्याच्या अंगातला रस लागतो. गवताच्या पात्यावर येऊन बसतो, उंदीर गेला की त्याच्या कानात जाऊन चिकटतो, माणूस आला तर माणूस. रक्त पीत नाही बरं का. लाळ सोडतो, लाळेनं आपल्या कातडीच्या पेशी विरघळतात, तो काला पितो, दोन-चार दिवसांनी गळून पडतो. जंतू त्या लाळेतून आत येतो. नाव ओरिएन्शिया सुत्सुगामुशी. त्यातलं सुत्सुगामुशी जपानी, कारण जपानात हा रोग फार आधीपासून ओळखीचा होता. माइटच्या मादीकडून हा जंतू तिच्या अंड्यात अन् तिथून पिल्लांत उतरतो, म्हणजे पिल्लू जन्मतःच जंतू घेऊन येतं. म्हणून नुसते उंदीर मारून हा रोग जात नाही.

आता आत आल्यावर काय होतं ते. बहुतेक जंतू पेशींच्या बाहेर, रक्तात किंवा जखमेत वाढतात. हा तसला नाही. याला बाहेर जगताच येत नाही, याला पेशीच्या आत घुसावंच लागतं. पेशी त्याला एका पिशवीत बंद करून जिरवायला घेते, तर हा पिशवी फोडून बाहेर पडतो, पेशीच्या आतल्या सामानसुमान वाहायच्या दोऱ्या असतात त्यांना धरून थेट मधोमध जाऊन बसतो अन् तिथं एकाचे दोन, दोनाचे चार. जिथून घुसला तिथली कातडी मरते, ती तुमची काळी खपली. तिथून रक्तात, अन् रक्तात गेल्यावर त्याचं आवडतं घर म्हणजे रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर. आता रक्तवाहिन्या कुठं नाहीत? मेंदूत, फुफ्फुसात, मूत्रपिंडात, डोळ्यात. अस्तर सुजतं, झिरपायला लागतं, जसा जुना ठिबकचा पाईप जागोजाग पाझरतो. डोळे लाल, छातीत पाणी, लघवी कमी, बरळणं, सगळं त्याचंच. बीपी पडतं तेही त्यानंच. चावलं काखेत अन् बिघडलं डोकं, ते असं.

इंजेक्शनचं. गावात ताप म्हटलं की बहुतेक ठिकाणी जी अँटिबायोटिकं टोचतात ती जंतूची बाहेरची भिंत बांधू देत नाहीत, त्यामुळं जंतू फुटतो. पण या ओरिएन्शियाची भिंत नावालाच, अन् तो बसलाय पेशीच्या आत, जिथं ही औषधं नीट पोचतच नाहीत. म्हणजे रानडुक्कर तुरीत घुसून बसलंय अन् तुम्ही रात्रभर धुऱ्यावर फटाके फोडून रायले. डॉक्सी पेशीच्या आत शिरते अन् जंतूची प्रथिनं बनवायची मशीनच बंद पाडते. म्हणून पुष्कळ पेशंटचा ताप दोन दिवसांत उतरतो, इतका की डॉक्टर त्याच्यावरूनही ओळखतात. गरोदर बाईला डॉक्सीऐवजी अझिथ्रोमायसिन देतात. फार गंभीर पेशंटसाठी दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिली तर जास्त चांगलं, हे भारतातल्याच दवाखान्यांत झालेल्या मोठ्या अभ्यासातून २०२३ मध्ये पुढं आलं. पण हे वाचून मेडिकलमधून पट्टी आणून कोणी घरी सुरू करू नका, तापाची शंभर कारणं असतात.

गाठीचं उत्तर रात्री देतो, नमुने आलेत.

तर्रीपोहे

अबे म्हणजे आपण वावरात हात जोडून साप-विंचवाले भेतो अन् मारणारा सापडते काखेत, तेबी दिसत नाई 😂

लॅबवाले भाऊ, रानडुकराची उपमा लय झाक. वाचनखूण साठवली.

रिटायर मास्तर

गाठीबद्दल लॅबवाले सांगतीलच, तोवर काट्याबद्दल लिहितो, कारण काकूंनी 'काट्याचं हाय' म्हटलं अन् मला वर्गातलं आठवलं. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, बाभळीचा काटा हा माझा आवडता प्रयोग, फुकटचा.

तुमच्या पायात काटा मोडला अन् काढायचा राहिला तर दुसऱ्या दिवशी काय होतं? लाल होतं, गरम होतं, ठणकतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळा पू धरतो अन् दाबलं की काटा सुळकन बाहेर. पोरं म्हणायची सर, पू म्हणजे घाण. मी म्हणायचो, घाण नाही रे, ती शहीद झालेली पलटण आहे. काट्याभोवती रक्तवाहिन्या सैल होतात, त्यातून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, जंतू गिळतात अन् गिळून स्वतः मरतात. या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात, जेमतेम दिवसभराचं आयुष्य, अन् हाडातल्या मगजात त्या दररोज साधारण शंभर अब्ज तयार होतात. शंभर अब्ज, रोज, तुम्ही आजारी नसतानासुद्धा.

हे कळलंही काट्यामुळंच. १८८२ साली मेचनिकॉफ नावाचा रशियन शास्त्रज्ञ इटलीत मेसिनाला समुद्रकाठी राहत होता. तारामाशाचं पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं, त्याच्या अंगात यानं बागेतले गुलाबाचे काटे टोचले अन् रात्रभर झोपला नाही. सकाळी पाहतो तर काट्याला चारी बाजूंनी फिरत्या पेशींनी वेढा घातलेला. तारामाशाला ना रक्तवाहिन्या ना मज्जासंस्था धड, तरी परकं ओळखून वेढा. त्यानं म्हटलं, आपल्या अंगातही हेच चालत असणार. तेव्हा लोक हसले. १९०८ साली त्याला नोबेल मिळालं, एर्लिख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाबरोबर विभागून.

काकूंच्या खपलीत मात्र गंमत अशी की पू नाही, ठणका नाही. चोर इतका गुपचूप आला की कुत्रंही भुंकलं नाही.

लॅबवाला

मास्तर, दंडवत. आता गाठ. ते आपलं अवधान हो, दुसरं काही नाही. पायाला लागलं की जांघेत येतं, हाताला लागलं की काखेत. जखमेच्या जागेवरून काही पेशी जंतूचे तुकडे तोंडात धरून जवळच्या लसीका गाठीत जातात अन् तिथं बसलेल्या दुसऱ्या पेशींना दाखवतात, हा घ्या नमुना, याला ओळखणारा कोण आहे? तिथं लाखो प्रकारच्या पेशी असतात, एकेक प्रकार एकेकाच आकाराला ओळखणारा. ज्याचा आकार जुळला तो मग वाढायला लागतो, एकाचे हजारो होतात. गाठ सुजते ती या भरतीनं.

पण या भरतीला वेळ लागतो, पाच-सात दिवस तरी. अन् इथं टेस्टची गोम आहे. आपण लॅबमध्ये बहुतेक वेळा जंतू शोधतच नाही, जंतूविरुद्ध अंगानं बनवलेल्या अँटिबॉडी शोधतो. चौथ्या दिवशी अँटिबॉडी बनलेल्याच नसतात, टेस्ट निगेटिव्ह, घरचे म्हणतात चला स्क्रब नाही. म्हणून त्या मॅडमनी रिपोर्टची वाट पाहिली नाही ते एकशे एक टक्के बरोबर केलं.

अन् तुमचा 'थोडासा पॉझिटिव्ह' टायफॉईड. ती विडाल टेस्ट असणार. आपल्या भागात मागं कधीतरी टायफॉईड होऊन गेलेला, लस घेतलेला किंवा दुसऱ्याच कुठल्या तापातला माणूस, कोणाच्याही रक्तात ती थोडीफार उठते. एकाच वेळच्या कमी आकड्यावरून टायफॉईड म्हणणं म्हणजे धुऱ्यावर खुरं दिसली म्हणून वाघ म्हणणं. स्क्रबसाठी एक जुनी टेस्ट कुठं कुठं अजून चालते, वाईल-फेलिक्स, १९१६ ची. त्यात स्क्रबचा जंतू वापरतच नाहीत, प्रोटियस नावाचा भलताच जंतू वापरतात. योगायोगानं दोघांचा एक तुकडा दिसायला सारखा, म्हणून एकाविरुद्धच्या अँटिबॉडी दुसऱ्याला चिकटतात. मावसभावाच्या फोटोवरून माणूस पकडायचा. सापडला तर सापडला. आता आयजीएम एलायझा, म्हणजे खुद्द स्क्रबच्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी टेस्ट, जास्त भरवशाची.

गुळवेलप्रेमी

सगळं ठीक आहे, पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर असे जंतू काही करू शकत नाहीत. आमच्या आजोबांनी उभ्या जन्मात गोळी खाल्ली नाही. गुळवेलाचा काढा सकाळ-संध्याकाळ घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा, दवाखान्यात जायची गरजच नाही.

तर्रीपोहे

आला बाप्पा काढा. म्या म्हणतच होतो अजून कसा नाई आला.

लॅबवाला

भाऊ, काढ्याशी माझं भांडण नाही, 'वाढवा' या शब्दाशी आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे काही टेपचा आवाज नाही की बटण फिरवलं अन् वाढला. पुष्कळदा जंतूपेक्षा आपल्याच फौजेनं जास्त नुकसान होतं. आपल्या वर्ध्याजवळचंच उदाहरण घ्या. दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं, पुढं वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन नावाच्या डॉक्टरनं १८७३ मध्येच पाहिला होता. तो इतका आळशी की एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस घेतो. अन् त्या एकाच जंतूनं दोन माणसांत दोन वेगळे रोग होतात. एकाच्या पेशी जोरात लढतात, त्याला एक-दोनच चट्टे येतात, कातडीत जंतू शोधून सापडत नाही, पण त्या लढाईत त्याचीच नस सुजून निकामी होते अन् हात वाकडा पडतो. दुसऱ्याच्या पेशी लढतच नाहीत, त्याच्या अंगभर जंतू, कोट्यवधी. आता सांगा, पहिल्याची 'वाढलेली' चांगली का दुसऱ्याची कमी? औषध सुरू झाल्यावर कधीकधी फौज अचानक भडकते, त्याला रिअ‍ॅक्शन म्हणतात, तेव्हा डॉक्टर उलट ती दाबायला स्टिरॉइड देतात.

अन् चांगला धडधाकट माणूस स्क्रबनं जातो हो. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या रानात जवान पोरं, पहेलवान म्हणावे असे सैनिक, या तापानं मेले. तेव्हा डॉक्सी नव्हती.

गुळवेलप्रेमी

मी काय म्हणतो ते तुम्ही समजूनच घेत नाही. असो.

रिटायर मास्तर

गुळवेलप्रेमींचं एक अर्धं मी धरून आहे. उपाशी पोर अन् भरल्या पोटाचं पोर यांत फरक पडतोच, अंगाला फौज उभी करायला प्रथिनं लागतात, अन् ती काढ्यातून नाही, वरणातून येतात. बाकी लॅबवाल्यांशी सहमत.

तापाबद्दल दोन शब्द. आपण तापालाच रोग म्हणतो. मेंदूत खालच्या बाजूला एक जागा आहे, तिला इस्त्रीवरच्या फिरवायच्या काट्यासारखं समजा. एरवी तो ३७ वर असतो. जंतू गिळलेल्या पेशी रक्तात निरोप सोडतात, त्यानं तिथं प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य बनतं अन् काटा ३९ वर जातो. आता शरीर आहे ३७ वर अन् काटा सांगतो ३९, म्हणून अंग तापायच्या आधीच थंडी वाजते, स्नायू थडथडून उष्णता करतात. काकूंच्या दोन गोधड्या अन् घोंगडं ते त्यासाठी. पॅरासिटामॉल ते द्रव्य कमी करतं, काटा खाली येतो, घाम सुटतो. जंतू जागेवरच. गोळीचा असर संपला की काटा पुन्हा वर. सलाईन अन् गोळ्यांचे पाच दिवस हेच चाललं होतं.

अन् ताप फुकट येत नाही. १९७५ साली अमेरिकेत वाळवंटी सरड्यांवर प्रयोग झाला. सरडा स्वतः अंग तापवू शकत नाही, तो उन्हात जाऊन बसतो. त्यांना जंतू टोचले तर ते आपणहून जास्त गरम जागी जाऊन बसले, अन् ज्यांना गरम जागा मिळू दिली नाही त्यातले जास्त मेले. आता कुंपणावर उन्हात बसलेला सरडा दिसला की मला वाटतं याला बरं नाही की काय.

(म्हणून पोराला १०४ ताप असताना गोळी देऊ नका असा अर्थ काढू नका. त्रास होतो तेव्हा द्यावी. मुद्दा एवढाच की ताप उतरला म्हणजे रोग गेला नाही.)

बकरीवाला

मास्तर, सरड्याचं लय भारी. माहा एक प्रश्न, थोडं अवांतर. २०२२ मध्ये लम्पी आला, आमच्या गोठ्यात दोन बैल अन् गाय अंगभर गाठींनी भरले. तवा पशुधनवाले आले अन् गाईले बकरीच्या देवीची लस टोचली. म्या भांडलो, म्हणलं साहेब चुकीची बाटली आनली का. ते म्हणे हेच हाय. तवा बकरीची लस गाईले कशी चालली?

लॅबवाला

चालते, कारण लम्पीचा विषाणू अन् बकरीच्या देवीचा विषाणू एकाच घरातले, चेहरा बराच मिळतो. एकाला ओळखायला शिकलेली फौज दुसऱ्यालाही पुष्कळ प्रमाणात ओळखते. वर मावसभावाचा फोटो म्हटलं ना, तेच, फक्त इथं ते आपल्या फायद्याचं. जेनर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १७९६ मध्ये माणसाला गाईच्या देवीचा द्रव टोचला अन् माणसाची देवी अडली, तिथून हे सगळं सुरू. तुमच्या गाईला बकरीचं दिलं, जेनरनं माणसाला गाईचं. भांडायला तेव्हाही लोक आले होते.

स्क्रबला मात्र अजून लस नाही. या जंतूच्या जाती पुष्कळ, एकीविरुद्ध अंग तयार झालं तरी दुसरी चालून येते, अन् जी ताकद येते तीही फार टिकत नाही. म्हणून काकूंना पुन्हा होणारच नाही असं समजू नका.

विळ्याच्या पेशी

पहिल्यांदाच लिहिते आहे, नुसती वाचायची. मी गडचिरोली जिल्ह्यातली, मला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आजार, त्यातला एसएस, म्हणजे आई-बाबा दोघांकडून त्याचा जीन आलेला. आयडी त्यावरूनच. प्रतिकारशक्तीवर एवढं चाललंय म्हणून सांगते.

माझ्या आईबाबांना एएस, म्हणजे एकच जीन. त्यांना त्रास काहीच नाही, उलट मेंदूवर जाणारा जो घातक मलेरिया आमच्याकडं जास्त असतो, त्याच्या गंभीर आजारापासून एएसवाल्यांचा पुष्कळ बचाव होतो. त्या लाल पेशीत मलेरियाचा परजीवी नीट वाढत नाही. म्हणूनच जिथं पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथं हा जीन टिकून राहिला. माझ्या आजीच्या आजीला त्यानं जगवलं असेल. अन् दोन्हीकडून एकेक येऊन माझ्यात दोन झाले. चार पोरांत एकाची शक्यता, ते एक मी.

लोकांना वाटतं सिकलसेल म्हणजे फक्त हाडं दुखणं अन् रक्त कमी. खरी भीती तापाची असते. पाणथरी नावाचा अवयव रक्तातले जंतू गाळतो, आमच्या वाकड्या पेशी त्यात अडकून अडकून तो लहानपणीच निकामी होतो. मग न्यूमोनियाचा जंतू रक्तात शिरला तर सकाळी खेळणारं पोर संध्याकाळी सिरियस होऊ शकतं. मला पाच वर्षांची होईपर्यंत रोज पेनिसिलिन दिलं, आई एक दिवस चुकली नाही, पावसात नाला भरला तरी बाबा पोहून... नाही, पोहून नाही, उगाच सांगत नाही, कमरेएवढ्या पाण्यातून जाऊन आणायचे. अजूनही मला १०१ च्या वर ताप आला की आई काढा करत नाही, गाडी शोधते.

झाडीपट्टीची लेक

ताई, लिहीत राहा. काय बोलावं सुचत नाही.

(पाणथरी शब्द खूप दिवसांनी ऐकला. आमच्याकडं प्लीहा कोणाला कळत नाही, पाणथरी म्हटलं की म्हातारी माणसं पोटाच्या डावीकडं हात ठेवतात, कारण मलेरियात ती वाढते.)

अन् हत्तीपायाच्या तपासणीसाठी रात्री रक्त घ्यायला येणाऱ्या आमच्यासारख्यांवर कुत्री सोडणाऱ्यांनो, तेही सांगून टाकते. हत्तीपायाचे जंतू म्हणजे बारीक अळ्या, त्या दिवसा फुफ्फुसात दडून बसतात अन् रात्री अंगावरच्या रक्तात येतात, डास चावायच्या टायमाला. म्हणून आम्ही रात्री येतो. हौस नाही आम्हाला.

तर्रीपोहे

ताई, तुम्हाले सलाम. या धाग्यावर आता जोक मारन नाई.

पण एक विचारतो, गवत त कापाच लागते, म्हैस काही ऑनलाईन चारा मागवत नाई. मंग कराचं काय?

लॅबवाला

पूर्ण बाह्यांचं घालायचं, पायजम्याची टोकं मोज्यात खोचायची, गवतावर नुसतं बसायचं-झोपायचं नाही, अन् जेवायच्या सुट्टीत कपडे गवतावर काढून टाकतो ना आपण, ते आधी बंद. घरी आलं की कपडे गरम पाण्यात अन् अंग साबण लावून घासून घ्यायचं, चिकटलेलं पिल्लू निघून जातं. घराला लागून असलेलं गवत-झुडूप कापून टाका. गवतात गेल्यापासून सहा ते एकवीस दिवसांत ताप आला तर डॉक्टरला आपणहून सांगा की गवतात गेलो होतो, त्यांनी विचारायची वाट पाहू नका. माणसापासून माणसाला लागत नाही, काकूंचं ताट वेगळं ठेवू नका.

डॉक्सीबद्दल: भरपूर पाण्यासोबत घ्यायची अन् घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननळीत अडकून जखम करते. दुधासोबत नको. अन् ती सुरू असताना कातडी उन्हानं लवकर भाजते, तेव्हा कोर्स संपेपर्यंत वावरात दुपट्टा बांधूनच.

काळीमाती

सगळ्यांचे लय आभार, एवढं कोणं मले दवाखान्यात बी समजावून सांगतलं नोयतं. मायले सगळं वाचून दाखवलं. रानडुकराच्या गोष्टीवर ते खूप हासली, पण सरड्याच्या गोष्टीवर तिचा विश्वास बसला नाई. अर्धा तास आडवं नाई व्हाचं हे आयकून म्हणे, "मले त कोणं सांगतलं नाई, मी गोई घेऊन डायरेक झोपो." छातीत जळजळ होते म्हणे ते त्यानंच असन.

कालची बातमी द्याची राह्यली. बाजूच्या काकूले परवा रात्री हिव भरलं. माय तरातरा गेली, माणसं बाहेर काढली, दार लावलं अन् काकूले हात वर कराले लावला. काखा पाह्यल्या, मान पाह्यली, नाडीची जागा पाह्यली, कानामागं बी पाह्यलं. काईच नाई. माय बाहेर येऊन म्हणे, "खपली नाई, पण गावात सुई नाई टोचाची, सरकारी दवाखान्यात नेजा." नेलं. रक्ताची काच केली अन् मलेरिया निघाला. चौदा दिवसांच्या गोया देल्या.

माय जराशी नाराजच हाय. म्हणे तिची बी खपलीच निघाले पायजे होती.